आधी खाण, मग ज्वालामुखी

राजी, मी तुझ्या थोबाडीत मारली होती. इथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळे तुझ्या हसऱ्या फोटोपासून सुरुवात करतायत. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तू तीन दिवस 'मनमिळाऊ' होतीस, 'सदैव हसतमुख' होतीस. चौथ्या दिवशी कुणीतरी 'शांत स्वभावाची' असं लिहिलं, तेव्हा मी फोन भिंतीवर फेकला. स्क्रीनला खालपासून वरपर्यंत तडा गेलाय. तू असतीस तर तो कुठून सुरू झाला, कोणत्या कोनात गेला आणि कुठे थांबला हे मला समजावून सांगितलं असतंस, आणि मग म्हणाली असतीस, "मिस, फोन फेकायला तरी शिकलीस. करायला कधी शिकणार?"

दुसरी गोष्टही लगेच लिहून टाकते. त्या रविवारी बसला फोन मी केला नव्हता. तू विचारलंस तेव्हा 'केला' म्हणाले, ते खोटं होतं. हे मला तुला सांगायचं होतं. नऊ दिवस होते माझ्याकडे, आपल्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती, आणि मी सांगितलं नाही.

आता मंडळाने अंकासाठी तुझ्या आठवणी मागितल्यात. छापतील की नाही माहीत नाही. पण माझ्याकडच्या आठवणी या अशा आहेत.

जर्मनीत, आखनच्या त्या वोनुंगमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, आपण दोन वर्षं एकत्र राहिलो. माझ्याकडे जर्मनचं बी-टू सर्टिफिकेट होतं आणि तुझ्याकडे घसा होता. तुझं जर्मन म्हणजे दगडफेक. सगळ्या नामांना 'दास' हे नपुंसकलिंगी उपपद लावायचीस, "लिंग-बिंग नंतर बघू" म्हणायचीस, आणि समोरचा माणूस दबून तुझं काम करून टाकायचा. माझं व्याकरण बिनचूक होतं, पण फोनची रिंग वाजू लागली की माझ्या तोंडाला कोरड पडायची. म्हणून माझे फोन तू करायचीस. तेही माझं नाव घेऊन. "हालो, हिअर इस्ट दामले!" असं तू डॉक्टरकडे, घरमालकाकडे, विम्याच्या ऑफिसात ठणकावून सांगायचीस. मग मी तिथे प्रत्यक्ष गेले की काउंटरवरची बाई माझ्या आवाजाकडे संशयाने बघायची. फोनवरची दामले वेगळी होती, तिला सगळे घाबरायचे. मलाही ती दामले आवडायची.

तू मराठीवरूनही मला टोचायचीस. "तू सबटायटल वाचल्यासारखं बोलतेस," म्हणायचीस. इंग्रजी शाळेतली म्हणून मला 'मिस' म्हणायचीस. मी गप्प बसायचे. गप्प बसणं हे माझं सगळ्यात जुनं कौशल्य आहे. शाळेत बाई इंग्रजीतून प्रश्न विचारायच्या, उत्तर येत असायचं, तरी मी वहीत बघायचे.

तू शांत स्वभावाची! बसमध्ये तो माणूस मला चिकटत होता तेव्हा मी दोनदा जागा बदलली. तिसऱ्यांदा तू मागून आलीस आणि त्याच्या गुडघ्यावर छत्री इतक्या जोरात मारलीस की छत्री वाकली. तो लंगडत उतरला. मग तू माझ्यावरच ओरडलीस, मराठीत, पूर्ण आवाजात, "आणि तू काय पुतळा आहेस? हात नाहीत तुला?" घरी येऊन मी रडले. त्याच्यामुळे नाही, तुझ्यामुळे. ती वाकडी छत्री अजून दाराशी आहे.

एकदा तू मला तुझ्या लॅबमध्ये घेऊन गेलीस. तुझी पीएचडी म्हणजे दगडाचे गोल तुकडे कापायचे, मोठ्या प्रेसमध्ये ठेवायचे आणि फुटेपर्यंत दाबायचे. तू माझ्या कानांवर हेडफोन चढवलेस. दगड बाहेरून होता तसाच दिसत होता, पण आत टिचटिच चालू होतं, फोडणीत मोहरी तडतडावी तसं. मग आवाज एकदम थांबला. "आता," तू म्हणालीस, आणि जाड काचेमागे तो दगड धाडकन उडाला. मी किंचाळले. तू टाळ्या वाजवल्यास. "तू पण अशीच फुटणार आहेस एक दिवस, केतकी. मी फक्त काचेमागं असले म्हणजे झालं."

नव्हतीस काचेमागे.

ट्रिपची कल्पना तुझी होती. आईफेलच्या डोंगराळ भागात, आखनहून तीनेक तासांवर, रोमन लोकांची जमिनीखालची दगडाची खाण आहे. तिथून जवळच लाखर झे आहे, ज्वालामुखीच्या पोटात साठलेलं तळं. दोन्ही एका दिवसात करायचं. तू स्वयंपाकघरात उभी राहून कणीक मळता मळता मला सांगत होतीस: तेराएक हजार वर्षांपूर्वी तो ज्वालामुखी असा फुटला की राखेने जंगलंच्या जंगलं उभी गाडली, ऱ्हाईन नदी तुंबली. तीच राख बसून मऊ दगड झाला, आणि तोच दगड रोमन लोकांनी खणून नेला. तू 'फुटला' म्हणताना कणकेत मूठ मारत होतीस. मग म्हणालीस, "आणि आपलं गाव काय वेगळं आहे का? अख्खा सह्याद्री लाव्हा आहे. आप्पा तीस वर्षं तोच फोडतायत." आप्पा म्हणजे तुझे वडील, गावाकडच्या दगडखाणीत कामाला.

आपलं पहिलं भांडण क्रमावरून झालं. मी म्हटलं आधी खाण, मग ज्वालामुखी.

"उलटं का? आधी स्फोट झाला, मग दगड झाला, मग खाण झाली. तसंच बघायचं."

"खाण पाचला बंद होते. तळं बंद होत नाही."

"तू ना, लग्नात पण आधी भात खाऊन घेशील. कारण तो गार होतो."

जिंकले मी. कारण एक्सेल माझ्याकडे होतं. गाडी, फलाट, गाडी बदलायला किती मिनिटं, टॉयलेट कुठे, चुकलं तर दुसरा मार्ग, सगळ्याचे रकाने होते. तू त्यात एक रकाना वाढवलास, 'केतकी घाबरते का?', आणि प्रत्येक ओळीत 'हो' भरलंस. फक्त एका ओळीपुढे तू 'हो' लिहिलं नाहीस. खाणीपासून तळ्यापर्यंत रविवारी रूफबुस होती. रूफबुस म्हणजे वेळापत्रकात असणारी आणि रस्त्यावर नसणारी बस. निदान एक तास आधी फोन करून आम्ही इतके जण अमुक स्टॉपवर उभे राहणार असं कळवलं, तरच ती येते. त्या ओळीपुढे तू लिहिलंस: 'फोन केतकी करेल.'

"तू कर ना," मी म्हटलं.

"मी काय जन्मभर तुझ्या नावानं बोलत बसू? एक वाक्य आहे. दोन माणसं, एक चाळीस, खाणीचा स्टॉप. बास."

सप्टेंबरातला रविवार. कोलोन मागे पडल्यावर मी टॉयलेटशेजारच्या जागेत जाऊन नंबर लावला. वाक्य कागदावर लिहिलेलं होतं. पलीकडून एका बाईने झरझर काहीतरी म्हटलं आणि मी फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा ती बाई फक्त "हालो? हालो?" म्हणत राहिली आणि मी तिचा आवाज ऐकत उभी राहिले. मग जागेवर येऊन बसले.

"केलास?"

"हो."

"काय म्हणाली?"

"गेनाऊ म्हणाली."

'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'! तू केवढी हसलीस. माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि डब्यातल्या धपाट्याचा मोठा तुकडा मला दिलास. समोरच्या म्हाताऱ्या जर्मन बाईला तू तुझ्या जर्मनमध्ये सांगितलंस की आज माझ्या मैत्रिणीने पहिल्यांदा फोन केला. त्या बाईने माझं अभिनंदन केलं. मी 'डांके' म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. अजून वेळ होता, तू फोन केला असतास, मला चार शिव्या दिल्या असत्यास, आणि बस आली असती. मी धपाटा खाल्ला.

खाणीत तू वेडी झालीस. जमिनीखालचे ते दगडी खांब, त्यांच्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या छिन्नीचे ओरखडे. तू एका खांबाला मिठी मारलीस आणि तिथूनच आप्पांना व्हॉइस मेसेज केलास. तिथे मी तुझा फोटो काढला. ग्रुपवर फिरतोय तो तोच. त्यात तू हसतेयस हे खरं आहे.

मग स्टॉप. एक खांब, एक बाकडं, मागे बिटाचं शेत. एक चाळीस झाले. दोन वाजले. तू फोन स्पीकरवर टाकलास. त्या बाईने नम्रपणे सांगितलं की आमच्याकडे नोंद नाही, पुढची बस दोन तासांनी आहे. तू तिला फाडून खाल्लंस. तुझं सगळं 'दास' जर्मन तू तिच्या अंगावर फेकलंस. माझ्या मैत्रिणीने सकाळी फोन केला होता, ती खोटं बोलत नाही, तुम्ही खोटं बोलताय, तुम्हाला लाज वाटायला पाहिजे. मी तीन हातांवर उभी होते. एका अनोळखी बाईला माझ्या खोट्यासाठी तू झोडपत होतीस आणि मी बिटाच्या पानांकडे बघत होते.

फोन ठेवून तू माझ्याकडे वळलीस.

"नाव सांगितलं होतंस?"

"नाही."

"मोठ्यानं बोललीस?"

"हो."

"नसशील. तुझं मोठ्यानं म्हणजे काय मला माहितीय. त्या बाईला कुणी श्वास घेतंय एवढंच ऐकू आलं असेल. त्या शाळेत तुम्हाला एकच वाक्य शिकवतात, टॉयलेटला जाऊ का, आणि तेही हळू."

तू मला खोटारडी म्हणाली असतीस तर मी मारलं नसतं. तू खोटारडी सोडून बाकी सगळं म्हणालीस. त्याही क्षणी तू माझ्यावर विश्वास ठेवून मला शिव्या देत होतीस, आणि ते मला सहन झालं नाही. माझा हात कधी उठला ते मला कळलं नाही. आवाज कळला. तुझा चष्मा बाकड्याखाली गेला.

तू एक सेकंद थांबलीस. मग माझं मनगट धरून असं पिरगाळलंस की मी गुडघ्यावर आले. मी तुझे केस ओढले. आपण दोघी त्या बिटाच्या शेतात पडलो. तुझं कोपर माझ्या बरगडीत बसलं, मी तुझ्या दंडाला चावले. तोंडात माती गेली. मी आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं, आणि मला थांबायचं नव्हतं, हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतेय. मला तुला दुखवायचं होतं.

रस्त्यावर एक सायकलवाले आजोबा थांबले. हेल्मेट, चकचकीत पिवळा शर्ट. "आलेस गूट?" त्यांनी विचारलं. सगळं ठीक ना?

आपण दोघी चिखलातून, एकमेकींचे केस हातात धरून, एकाच वेळी म्हणालो, "आलेस गूट, डांके!"

ते गेले. मागे वळून वळून बघत गेले. त्या वेळी आपल्याला हसू फुटायला हवं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं, तुझ्याही, मी पाहिलं. पण तू चष्मा उचललास, त्याची काच गेली होती, आणि तू चालायला लागलीस. मी तुझ्यामागे वीस पावलांवर. ज्वालामुखीला पाठ करून आपण स्टेशनपर्यंत चालत गेलो. परतीच्या गाडीत तू पुढच्या डब्यात बसलीस, मी मधल्या.

नऊ दिवस. बुधवारी माझ्या दाराशी झाकलेली ताटली होती, थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा. मी ती उचलली नाही. दुपारपर्यंत ती तिथेच होती, मग तू बाहेर आलीस आणि थालीपीठ ताटलीसकट कचऱ्याच्या बादलीत आपटलंस. फुटल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. मला वाटलं, चला, अजून भांडतेय म्हणजे संपलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी तू माझ्या दारावर दोनदा टकटक केलंस. मी पलंगावर बसले होते. मी श्वास धरला, मी घरात नाही असं वाटावं म्हणून. तू थोडी थांबलीस. मग सायकलच्या किल्लीचा आवाज, मग दार.

हिरवा दिवा तुझा होता आणि ट्रकचाही होता. तू सरळ चालली होतीस, तो उजवीकडे वळला. लाल दिव्याला मान न देणारी तू, त्या दिवशी दिवा हिरवा व्हायची वाट बघत थांबली होतीस, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचं त्यांनी जे सांगितलं ते मी लिहिणार नाही. मला ते माहीत आहे, तेवढं पुरे.

दोन दिवसांनी मी त्या चौकात जाऊन उभी राहिले. ट्रक येत होते, उजवा दिवा लुकलुकवत वळत होते, जसं काही झालंच नाही. एक ट्रक थांबला तेव्हा मी त्याच्या दारावर मुठीने मारलं. पुन्हा मारलं. आतला पन्नाशीचा माणूस घाबरून हात वर करून बसला. तो वेगळाच होता, त्याचा काही संबंध नव्हता. मी काय म्हटलं असेल? 'एन्टशुल्डिगुंग' म्हटलं. माफ करा. तू असतीस तर मला तिथेच मारलं असतंस.

आणि मग फोन. पोलिस, दूतावास, विद्यापीठ, विमानाचं कार्गो, आणि बेश्टाटर, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारा माणूस. कुणी विचारलं नाही मला जमेल का. मी नंबर लावायचे आणि बोलायचे. आवाज निघत होता, मोठा निघत होता. रागात आवाज निघतो हे तुला नेहमीच माहीत होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक फोनवर तुझं नाव विचारायचे आणि मी एकेक अक्षर सांगायचे, मोहिते, एम, ओ, हा, ई, टे, ए. दिवसातून दहादा. तुझं आडनाव मी माझ्यापेक्षा जास्त वेळा उच्चारलं त्या आठवड्यात.

मग आप्पा आले. कराडकडच्या तुझ्या गावाबाहेर कधी फारसे न गेलेले तुझे वडील, दोन विमानं बदलून, पाठीवर तुझीच कॉलेजची सॅक घेऊन. सुरुंगात गेलेल्या दोन बोटांचा डावा हात ते खिशात ठेवतात हे तू सांगितलं होतंस. ते तुझ्या खोलीत झोपले नाहीत, स्वयंपाकघरात चटई टाकली. कागदपत्रं होईपर्यंत थांबायचं होतं. ते टेबलाशी बसायचे आणि चहा गार व्हायचा.

शनिवारी ते म्हणाले, "उद्या हापिसं बंद असत्यात न्हवं?"

"हो, आप्पा."

"मंग मला त्या ज्वालामुखीवर घिऊन चल. तिनं बघितला त्यो."

मी त्यांचा गार चहा सिंकमध्ये ओतला. त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी फोन काढला, चष्मा लावला आणि तुझा मेसेज लावला. खाणीतला नव्हता तो. त्याच संध्याकाळचा होता. "आप्पा, खाण झाली आन् ज्वालामुखी पण झाला. पार कडंपर्यंत गेलो. लई भारी हाय. तुम्ही म्हणता ना केतकी लाजते? आज सगळं तिनं बघितलं. बसला फोन पण तिनंच केला, जर्मनमधनं. मी नुसती मागं मागं."

तुझ्या आवाजामागे पुढच्या स्टेशनची घोषणा चालली होती. ती मीही ऐकली होती. मधल्या डब्यात बसून, मनगटावरचं रक्त पुसत. पुढच्या डब्यात, फुटक्या चष्म्याने, तू हे बोलत होतीस.

का बोललीस, राजी? तुला कळलं होतं? मी फोन केलाच नव्हता हे कळूनही तू माझी बाजू सांभाळलीस? की तुला शेवटपर्यंत वाटत होतं की मी केला होता? यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. कळलं असेल तर तू माझ्या खोट्यावर तुझं खोटं पांघरलंस. कळलं नसेल तर तू दारावर टकटक करायला आलीस तेव्हाही मला खरी समजत होतीस. मला तुझा राग येतो. उत्तर फक्त तुझ्याकडे होतं आणि तू ते घेऊन हिरव्या दिव्यात निघून गेलीस.

तुझ्या काकांचा गावाहून फोन आला होता, सुतकात कुठे फिरायला जाता म्हणून. आप्पा एवढंच म्हणाले, "पोरगी अजून हितं बर्फात पडलीया. सुतकाचं घरी आल्यावर बघू." आणि फोन ठेवला.

मी आपलं एक्सेल उघडलं. तुझा रकाना तसाच होता. त्याच रूफबुसचा नंबर मी आप्पांसमोर, टेबलाशी बसून लावला. दामले, दोन माणसं, उद्या एक चाळीस, खाणीचा स्टॉप. परत कधी, ते उद्या कळवते. बाई 'गेनाऊ' म्हणाली. खरंच म्हणाली.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच व्हय?"

"हो, आप्पा. एवढंच होतं."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबून ओरडले.

रविवारी आधी खाण केली. आप्पा खांबापाशी गेले, खिशातला हात बाहेर काढून छिन्नीच्या ओरखड्यांवर ठेवला. बराच वेळ ते बोटं फिरवत होते. "ह्यो गडी डावरा व्हता," म्हणाले. "घाव बघ कुठनं पडत्यात." मग वर बघितलं, छताला एक लांब भेग होती. "हितं माणूस गेला असणार. अशा भेगंखाली कोण उभं करतं?" तू मिठी मारलेला खांब मी त्यांना दाखवला. ते सोपं होतं, कारण ते खरं होतं. त्यांनी मिठी मारली नाही. खांबाला दोनदा थोपटलं, बैलाला थोपटावं तसं.

बिटाचं शेत काढून झालं होतं. काळी ढेकळं होती नुसती. मी तिकडे बघितलं नाही. बस एक चाळीसला आली, लहानशी, आत कुणी नाही. ड्रायव्हरने माझं नाव वाचलं, मी मान हलवली. आपण ज्या रस्त्याने गेलो नाही त्या रस्त्याने ती गेली. बारा मिनिटं लागली, राजी. फक्त बारा.

तळं बघून आप्पा थबकले. "ह्यो ज्वालामुखी?"

"हो."

"हे तर तळं हाय."

मग मी तू सांगितलंस तसं सांगितलं. जमीन कशी फाटली, राख कशी आकाशात गेली, झाडं उभीच्या उभी कशी गाडली गेली. 'फुटला' म्हणताना माझी मूठ वळली. आम्ही पूर्वेच्या काठाने चालत गेलो, तिथे पाण्यातून बुडबुडे येतात, खालून वायू येतो म्हणून. आप्पा उकिडवे बसले आणि बुडबुड्यांवर तळहात धरला. "आतनं अजून जिता हाय की," म्हणाले.

मग त्यांनी वर बघून विचारलं, "कुठं बसली व्हती ती?"

मागे एक सपाट दगड होता. तो दाखवला असता तर ते तिथे बसले असते, फोटो काढला असता, तुझ्या आईला पाठवला असता. तुझं खोटं तुटलं नसतं. कानात ते टिचटिच सुरू झालं. आणि मग थांबलं.

"आप्पा, आम्ही इथपर्यंत आलोच नव्हतो. बसला फोन मी करायचा होता. मी केला नाही, आणि केला म्हणून तिला सांगितलं. बस आली नाही. आम्ही भांडलो. मी तिला मारलं. तोंडात. तिचा चष्मा फुटला. त्यानंतर आम्ही बोललो नाही."

आप्पा उठले नाहीत. पाण्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता ते मलाही मारतील, आणि मारावं असं वाटलं.

"मंग तिनं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तू मारलीस. मंग तिनं काय केलं?"

"तिनंपण मारलं."

"जोरात?"

मी बाही वर केली. मनगटावर तुझ्या नखांच्या तीन पुसट रेषा अजून आहेत. आप्पांनी हात धरून उन्हाकडे वळवला, चष्मा वर करून नीट बघितलं, छिन्नीचे घाव बघितले होते तसंच.

"मंग बरं," ते म्हणाले. "मार खाऊन गप बसली असती तर मला झोप लागली नसती."

आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा फुटला. तुझ्या वडिलांचं रडणं मी वर्णन करून सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्यांनी हातात येईल तो दगड उचलून पाण्यात फेकला, मग दुसरा, मग तिसरा, पूर्ण ताकदीने, ओरडून; आणि थोड्या वेळाने मीही फेकायला लागले. लोक बघत होते. एका बाईने विचारलं, आलेस गूट? मी म्हटलं, नाइन. नाही.

खांदा भरून आल्यावर थांबलो. आप्पांनी रुमालाने हात पुसले. "परत जायाची बस?" म्हणाले. "तिला पन फोन करावा लागतो ना?"

मी तिथेच उभी राहून नंबर लावला. तीच बाई होती. किती जण? दोन. कुठून? तळ्याच्या पार्किंगमधून. नाव?

आठवडाभर प्रत्येक फोनवर तुझंच नाव सांगत होते, म्हणून सवयीने निघालं असेल. नसेलही. तू दोन वर्षं माझ्या नावाने बोललीस, मी एकदा तुझ्या नावाने बोलले. मोठ्याने बोलले, अक्षरं एकेक करून सांगितली, आणि पलीकडून ती बाई ती लिहून घेताना ऐकू येत होती.

तासाभराने बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, हातातल्या कागदावर बघितलं आणि विचारलं, "फ्राऊ मोहिते?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी खिशातून आपला तीन बोटांचा हात काढून वर केला.